आठवा टाका

फोटोकाकांच्या दुकानात शिरलं की समोरच्या भिंतीवर त्यांच्या बायकोचा मोठा फोटो दिसतो. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातला, काळापांढरा, मान किंचित डावीकडे. फोटो इतका देखणा आहे की नवीन गिऱ्हाईक हमखास विचारतं, या कोण? काकू काउंटरवर असल्या तर वहीतून मान वर न करता सांगतात, "ती त्यांची पहिली बायको." गिऱ्हाईक ओशाळतं. मग काकू चष्मा काढून नाकाशेजारचा मसुरीच्या दाण्याएवढा तीळ दाखवतात. फोटोतल्या बाईला तीळ नाही. काकांनी तो चाळीस वर्षांपूर्वी एका दुपारी बारीक ब्रश घेऊन पुसला होता आणि मोठ्या कौतुकाने नव्या बायकोला दाखवायला नेला होता. तिने फोटो बघितला, नवऱ्याकडे बघितलं आणि विचारलं, "ही कुठे राहते?"

यात आपलं काही चुकलं असं काकांना कधीच वाटलं नाही. ओळखपत्रांचे, परवान्यांचे आणि लग्नाळू मुलामुलींचे फोटो काढण्यात त्यांचा जन्म गेला होता. दुकान दहा बाय बारा. मागे पांढरा पडदा, दोन दिवे, एक फिरतं स्टूल, आणि पाय कुठे ठेवायचे ते कळावं म्हणून जमिनीवर चिकटपट्टीची फुली. माणूस स्टुलावर बसला की काका हनुवटीला बोट न लावता नुसत्या बोलण्याने त्याची मान फिरवत. प्रत्येक माणसाला एक बरी बाजू असते आणि ती शोधणं हा आपला धर्म आहे, असं ते मानत. मग फोटो निघाला की डोळ्यांखालची काळी वर्तुळं, गालावरची पुटकुळी, कपाळावरचा व्रण, सगळं हळूच साफ. आधी ब्रशने, पुढे कॉम्प्युटर आल्यावर माउसने. गिऱ्हाईकाला विचारायचा प्रश्नच नव्हता. डाग पुसा असं गिऱ्हाईकाला तोंडाने सांगावं लागलं तर तो फोटोवाला कसला, असं त्यांचं म्हणणं. लोक फोटो बघून खूश होत आणि आपण खरंच असे दिसतो असं समजून घरी जात. यात कुणाचं वाईट होत नव्हतं.

माडीवरच्या सिस्टर ओळखपत्राचा फोटो काढायला आल्या, तिथून ही गोष्ट सुरू झाली.

बाजारामागे जुनी टपाल कचेरी आहे. तिच्या माडीवरच्या दोन खोल्यांत दर शनिवारी फुकट दवाखाना चालतो, तोही नुसत्या त्वचेचा. ज्यांच्याकडे विमा नाही, त्यांच्यासाठी. मोठ्या इस्पितळाच्या खिडकीवर पहिला प्रश्न "काय होतंय" हा नसतो, "कार्ड आहे का" हा असतो, आणि कार्ड नसलं की पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही. त्यात त्वचेचं दुखणं म्हणजे सावत्र दुखणं. पोटात कळ आली तर माणूस काहीही करून डॉक्टर गाठतो. डाग दुखत नाही, म्हणून तो वर्षानुवर्षं अंगावर सांभाळतो आणि वर सांगतो की हा जुनाच आहे.

त्वचेच्या डॉक्टरबाई दोन तासांवरच्या मोठ्या शहरातून महिन्याच्या पहिल्या शनिवारी येत. बाकीच्या शनिवारी सिस्टर रुग्णांचे फोटो काढून त्यांना पाठवत आणि बुधवारपर्यंत एकेका फोटोचं उत्तर येई: याला ताबडतोब बोलवा, हिला पहिल्या शनिवारी बोलवा, याला काही झालेलं नाही. पद्धत चांगली होती, फक्त सिस्टरांचा हात फोटोला चांगला नव्हता.

"डॉक्टरबाई मला विचारतात, सिस्टर, हा गुडघा आहे की बटाटा," स्टुलावर बसून सिस्टर सांगत होत्या. "मलाही सांगता येत नाही. दिवसाला तीस माणसं, एक खिडकी, आणि माझा हा फोन."

काकांनी त्यांची मान उजवीकडे फिरवली, दिवा खाली घेतला आणि म्हणाले, "येत्या शनिवारी मी येऊन बघतो."

काकू वहीत बघतच म्हणाल्या, "झालं. आता गावाचे गुडघे देखणे होणार."

तेव्हा सगळे हसले होते.

काकांनी माडीवर जुना पडदा नेला, एक दिवा नेला, कॅमेऱ्याचं तिकाटणं नेलं. सिस्टरांनी शिकवलं ते एवढंच: डागाशेजारी ही निळी पट्टी धरायची म्हणजे केवढा आहे ते कळतं, जवळून काढायचा, हलू द्यायचा नाही. हे काकांना कोण शिकवणार. पहिल्याच बुधवारी डॉक्टरबाईंचा फोन आला की सिस्टर, नवीन फोन घेतलात का, मला एकेक केस दिसतोय. काका आठवडाभर तरंगत होते. भांडी घासून घासून सोललेले हात, भट्टीपुढे उभं राहून तडकलेली नडगी, एका आजोबांच्या पाठीवर नकाशासारखं पसरलेलं गजकर्ण; या सगळ्याचे फोटो त्यांनी काढले आणि त्यातल्या बहुतेकांना औषध मिळून बरंही वाटलं. भांडी घासणारी बाई तर हात दाखवायला मुद्दाम दुकानात येऊन गेली. आयुष्यभर लोकांना फोटोत बरं केलं, आता खरोखर बरं होताना बघतोय, असं काका काकूंना म्हणाले. काकूंनी त्या दिवशी चेष्टा केली नाही.

तिसऱ्या महिन्यात जिनेवाली आली. इमारतींचे जिने धुणारी बाई, चाळिशीच्या आतबाहेरची, उभी राहिली तरी हात कशाला तरी पुसत असल्यासारखे चाललेले. उजव्या गालावर, कानाच्या पुढे, करंगळीच्या नखाएवढा काळपट डाग. वर्षभरात वाढला असं ती म्हणाली. डाग दाखवायचा म्हणून आलेली बाई पडद्यापुढे उभी राहिल्यावर गालावरचा हात काढेना.

"हात काढा, ताई," काका म्हणाले.

"वाईट दिसतं हो ते."

"वाईट काय त्यात. तीळ आहे. कुणाकुणाला शोभून दिसतो."

ती एवढ्यावर हसली, हात खाली गेला, आणि काकांनी फोटो काढला. पट्टी धरून, न हलता, अगदी नियमाप्रमाणे.

आता जित्याची खोड कशी असते बघा. हात, पाय, पाठ यांच्या फोटोंना काका मुळात फोटोच मानत नव्हते. ते जसे निघत तसे जात. पण चेहरा समोर आला की त्यांचा हात त्यांना विचारत नसे. दुपारी दुकानात बसून फोटो पाठवताना त्यांनी जिनेवालीच्या गालावरच्या दोन पुटकुळ्या काढल्या. तीळ अर्थात ठेवला, तेवढी अक्कल होती, त्याच्यासाठीच तर फोटो होता. फक्त त्याची एक कड बाहेर ओघळल्यासारखी वेडीवाकडी होती, ती जरा गोल केली. आत एका ठिकाणी तांबूस-निळसर झाक होती, ती बाकीच्या रंगात मिळवली. गळ्यातल्या दोरीला लटकणारा चाव्यांचा जुडगा शोभत नव्हता, तो कापून टाकला. सगळं मिळून दोन मिनिटांचं काम. पुसू नका असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगणार तरी कोण? असं काही कुणी करेल हे सिस्टरांच्या स्वप्नातही आलं नसतं.

बुधवारी उत्तर आलं: साधा तीळ. सहा महिन्यांनी बघू. सिस्टरांनी जिनेवालीला कळवलं आणि तिने फोनवरच तीनदा आभार मानले.

यानंतर तीन आठवड्यांनी पहिला शनिवार आला. डॉक्टरबाई आल्या होत्या. रुग्ण संपल्यावर त्या सिस्टरांना आणि दोन नव्या मदतनीस मुलींना भिंतीवर चित्रं दाखवून समजावत होत्या की तीळ साधा कोणता आणि वाईट कोणता. काका कोपऱ्यात दिव्याची वायर गुंडाळत होते.

"दोन गोष्टी बघायच्या," डॉक्टरबाई म्हणाल्या. "काठ आणि रंग. काठ नितळ, रंग सगळीकडे एकसारखा, तर घाबरायचं कारण नाही. काठ वेडावाकडा, ओघळल्यासारखा, आणि आत दोन-तीन रंग मिसळलेले, तर एक दिवसही थांबायचं नाही. हा कॅन्सर पसरला की मग माझ्या हातात फारसं काही राहत नाही."

काकांच्या हातातली वायर सुटली. ते जिना उतरले आणि थेट दुकानात आले.

कॉम्प्युटरमध्ये मूळ फोटो होता. काका काहीही टाकून देत नसत, हा त्यांचा दुसरा दुर्गुण आज कामाला आला. त्यांनी तो उघडला. काठ वेडावाकडा. आत तांबूस, निळसर, काळा. शेजारी त्यांनी पाठवलेला फोटो उघडला. काठ नितळ, रंग एकसारखा. माडीवरचे सगळे चेहरे त्यांनी एकामागून एक काढून बघितले, अकरा होते. बाकीच्या दहांत त्यांनी सुरकुत्या आणि पुटकुळ्यांपलीकडे काही बिघडवलेलं नव्हतं. एवढा एकच.

काकू जेवणाचा डबा घेऊन आल्या तेव्हा काका स्टुलावर, गिऱ्हाईकाच्या जागी बसलेले होते. त्यांनी सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर म्हणाले, "कुणाला कळणार नाही गं. सहा महिन्यांनी ती येईलच. तेव्हा डॉक्टरबाई स्वतः बघतील."

ही गोष्ट काकांना शोभणारी नव्हती, पण घाबरलेला माणूस काय काय बोलतो. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्यांच्या मनात आलं, आणि आपण होऊन सांगणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण, हेही आलं. चाळीस वर्षं गावाने ज्या हाताचं कौतुक केलं, त्याच हाताने असं केलं हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

काकूंनी डबा खाली ठेवला. भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं.

"माझा तीळ पुसलात, मी हसण्यावारी नेलं," त्या म्हणाल्या. "जन्मभर नेलं. ही गोष्ट हसण्यावारी न्यायची नाही. उठा. जेवण नंतर."

डॉक्टरबाई त्या शनिवारी सिस्टरांकडे मुक्कामाला होत्या आणि रविवारी दुपारच्या बसने परत जाणार होत्या. काकांनी दोन्ही फोटो छापून नेले आणि त्यांच्यापुढे शेजारीशेजारी ठेवले. डॉक्टरबाईंनी एक बघितला, दुसरा बघितला. मग मूळ फोटो उचलून खिडकीपाशी नेला.

"तिळाची कड कुणी गोल केली?" त्यांनी विचारलं.

"मी. सवय आहे हाताला. वाईट हेतू नव्हता, पण चूक माझी आहे."

डॉक्टरबाई रागावल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "उद्या दुपारच्या आत ही बाई मला माडीवर हवी. पुढचं मी बघते."

सिस्टरांनी जिनेवालीचा दवाखान्यातला अर्ज काढला. फोन लावला तर तो बंद. राहण्याचा पत्ता या रकान्यात जिनेवालीने लिहिलं होतं: बदलणार आहे. काम या रकान्यात: जिने. गावात जिने किती.

काका दुकानात परत आले आणि पुन्हा मूळ फोटोपुढे बसले. आता त्यांना गाल बघवत नव्हता म्हणून नजर खाली गेली, आणि तिथे तो जुडगा होता. शोभत नाही म्हणून कापलेला. दहाबारा चाव्या आणि त्यांत एक पिवळा प्लॅस्टिकचा बिल्ला. काकांनी तो मोठा करून बघितला. त्यावर चौदा आकडा होता.

चावीवाल्याचं दुकान समोरच. शटर अर्धं ओढून तो निघण्याच्या बेतात होता. त्याने फोटो हातात धरला आणि म्हणाला, "बिल्ला माझाच आहे. बाई कोण ते माहीत नाही. मी माणसं नाही ओळखत काका, चाव्या ओळखतो. पिवळे बिल्ले कालव्याकडच्या इमारतींना दिलेत. चौदा म्हणजे अगदी शेवटची. सात मजले, आणि लिफ्ट नाही."

"तिथले जिने कधी धुतात?"

"ते मला काय माहीत? पण मी धूत असतो तर रविवारी सकाळी धुतले असते. माणसं उशिरा उठतात."

रविवारी सकाळी सातला काका चौदा नंबरच्या दारात उभे होते. जिन्यावरून पाणी पायऱ्यापायऱ्यांनी खाली येत होतं. ते बघून त्यांना जेवढा आनंद झाला तेवढा पाणी बघून आयुष्यात कधी झाला नव्हता. गुडघे धरून ते चढू लागले. चौथ्या मजल्यावर वरून आवाज आला, "ओल्यावर पाय देऊ नका. आत्ता पुसलंय."

"ताई, मी फोटोवाला."

जिनेवाली कठड्यावरून वाकली. त्यांना ओळखून हसली. "काका, तुम्ही इथे? त्या सिस्टरांना सांगा, मी लेकीला सांगितलं बरं का, काही नाहीये म्हणून. चार महिने झोपली नव्हती पोरगी माझी."

काकांनी रस्त्याने येताना बोलणं जुळवून ठेवलं होतं. त्यातलं एकही वाक्य आठवेना. ते ओल्या पायरीवर बसले.

"डॉक्टरबाईंनी तुम्हाला काही नाही असं सांगितलं नाही, ताई. त्यांनी फोटोला सांगितलं. आणि फोटोतला तीळ तुमचा नव्हता. तो मी केलेला होता."

मग त्यांनी सगळं सांगितलं. कड कशी गोल केली, रंग कसा मिळवला, डॉक्टरबाई काय म्हणाल्या. काही लपवलं नाही. जिनेवाली तीन पायऱ्या वर उभी राहून ऐकत होती. हातातला फडका तिने पिळला, पुन्हा पिळला. त्यात पाणी उरलं नव्हतं.

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं तो नीट करायला?"

"कुणी नाही."

"तुम्ही मला म्हणालात, शोभून दिसतो."

"म्हणालो."

"मी त्या दिवशी घरी जाऊन आरशात बघितलं," ती म्हणाली. "म्हटलं, दिसतो की शोभून."

काकांच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि चष्मा काढून पुसायला त्यांच्याजवळ रुमालही नव्हता. जिनेवालीने वर बघितलं, खाली बघितलं. मग बादली उचलून त्यांच्या शेजारी आदळली.

"अजून तीन मजले राहिलेत. अर्धं काम टाकून मी कुठे जात नाही."

"मी धुतो."

"तुम्ही धुतलेले जिने मला पुन्हा धुवावे लागतील. बादली धरा."

काकांनी बादली धरली. तिसरा, दुसरा, पहिला. खालपर्यंत ती दर मजल्यावर फक्त "सरका" म्हणाली. साडेनऊला दोघं टपाल कचेरीच्या माडीवर होती. डॉक्टरबाईंनी जिनेवालीची हनुवटी धरून गाल उजेडाकडे वळवला, भिंग लावलं आणि सिस्टरांना म्हणाल्या, "आतल्या खोलीत तयारी करा." तासाभरात डाग निघाला आणि बाटलीत बंद होऊन तपासणीला गेला. दुपारची बस डॉक्टरबाईंना धावत गाठावी लागली.

पुढचे बारा दिवस काकांनी कसे काढले ते काकूंना माहीत. दुकानात माणसं येत, काका फोटो काढत आणि जसा निघाला तसा हातात देत. एका नवऱ्या मुलीची आई भांडून गेली. तेराव्या दिवशी सिस्टर स्वतः दुकानात आल्या, दारातच म्हणाल्या, "होता. कॅन्सरच होता. पण वरच्या थरातच आहे, खाली उतरलेला नाही. आजूबाजूचं आणखी थोडं कापून काढलं की झालं."

ते आणखी थोडं मोठ्या शहरातल्या इस्पितळात कापलं गेलं. कार्डाशिवाय. त्यासाठी डॉक्टरबाईंनी कुणाकुणाचे उंबरे झिजवले ते त्यांनी सांगितलं नाही, पण महिनाभर त्यांचा आवाज बसलेला होता. जिनेवालीच्या गालावर कानाच्या पुढून खाली आठ टाके पडले. कापलेल्या भागाच्या कडा तपासणीत स्वच्छ निघाल्या. दर तीन महिन्यांनी दाखवायला यायचं, एवढंच आता राहिलं.

पुढच्या पहिल्या शनिवारी काका आपला दिवा आणि पडदा न्यायला माडीवर गेले. डॉक्टरबाई रुग्ण तपासत होत्या. मान न वळवता म्हणाल्या, "कुठे निघालात?"

"सामान घेऊन जातो. आता मला इथे कोण ठेवणार."

"काका, मी दहा वर्षं विद्यार्थ्यांना शिकवते. चेहऱ्यावरचा डाग दिसायला त्यांना दोन-दोन वर्षं लागतात. तुम्ही जन्मभर दुसरं काही बघितलेलंच नाही. त्या बाईच्या तिळाची कड कुठे वाकडी आहे आणि रंग कुठे बदलतो, हे तुम्हाला माझ्या आधी दिसलं होतं. दिसलं म्हणून तर नेमकं तेवढंच पुसलंत." मग त्यांनी मान वळवली. "फक्त यापुढे दिसलं की पुसायचं नाही, मला सांगायचं. पडदा लावा. बाहेर बावीस माणसं आहेत."

काकांनी पडदा लावला. त्या दिवसापासून फोटोबरोबर त्यांची एक चिठ्ठी जाते: डाव्या कडेला जरा बघावं, मधला रंग पटत नाही. डॉक्टरबाई म्हणतात की दहातल्या सात चिठ्ठ्या फुकटच्या असतात, आणि उरलेल्या तीनसाठी त्या वाट बघतात. दुकानातही काकांची नजर शांत बसत नाही. परवान्याच्या फोटोला आलेल्या एका ट्रकवाल्याच्या कानामागे त्यांना काहीतरी दिसलं. त्यांनी आधी त्याला माडीवर नेलं आणि मग फोटो काढला. त्या माणसाने रस्ताभर कुरकुर केली. आता तो येताजाता दुकानासमोर हॉर्न वाजवतो आणि काकू दचकतात.

एका संध्याकाळी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा काकांनी निळी पट्टी आणि भिंग घेतलं आणि काकूंच्या नाकाशेजारी धरलं.

"चाळीस वर्षांनी बघताय," काकू म्हणाल्या.

"काठ नितळ आहे. रंग एकसारखा."

"म्हणजे?"

"म्हणजे साधा आहे. आणि हलू नको, फोटो काढतोय."

तो फोटो आता जुन्या फोटोशेजारी लावला आहे. तीळ आहे, सुरकुत्या आहेत, डोळे बारीक करून नवऱ्याकडे बघणं आहे. नव्या गिऱ्हाईकाने विचारलं तर काकू दोन्हींकडे बोट दाखवून म्हणतात, "त्यांनी दोघी नीट सांभाळल्यात."

वर्ष उलटल्यावर जिनेवाली दुकानात आली. इमारतींच्या कामाचं नवीन ओळखपत्र निघायचं होतं. गालावरची रेघ आता फिकी झाली होती, आडव्या टाक्यांच्या खुणा तेवढ्या उरल्या होत्या. तिच्या गळ्यात जुडगा होता, पिवळा बिल्ला तसाच.

"चाव्या ठेवायच्या की काढायच्या?" तिने विचारलं.

"राहू दे. त्यांचे माझ्यावर उपकार आहेत."

ती स्टुलावर बसली. काकांच्या तोंडून सवयीने "मान जरा उजवीकडे" निघालं, कारण तशी मान केली की उजवा गाल सावलीत जातो. ते तिथेच थांबले. जिनेवाली हलली नव्हती. सरळ बघत होती.

काकांनी फोटो काढला आणि कॉम्प्युटरपाशी बसले. मागे चाव्या वाजल्या. जिनेवाली स्टुलावरून उठून त्यांच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली होती.

"बसा ना, ताई. छापून देतो."

"मी इथेच बरी. तुमच्या हाताचा भरवसा नाही."

काकू वहीआड हसल्या. काकांनी माउसवरून हात उचलून मांडीवर ठेवला, तिला दिसेल असा. फोटो छापून बाहेर आला. जिनेवालीने तो दोन्ही हातांनी धरून दिव्याखाली नेला आणि नखाने एकेक खूण मोजू लागली.

"सात आहेत," ती म्हणाली.

"काय सात?"

"टाके. आठ होते. एक कुठे गेला?"

"मी हात लावलेला नाही, ताई. तुमच्यासमोरच काढला."

"मग कुठे गेला?"

काकांनी फोटो घेतला, तिच्या गालाकडे बघितलं, पुन्हा फोटोकडे बघितलं. खरंच होतं. सगळ्यात वरचा, कानाला लागून असलेला टाका केसांच्या सावलीत बुडाला होता. दिवा अजून त्याच्या जुन्याच जागी होता, समोरून, मऊ, सगळं झाकणारा.

काका उठले. त्यांनी दिवा उचलून तिच्या उजवीकडे आणला, अगदी जवळ, आणि त्याच्यापुढचा पातळ पांढरा कपडा काढून टाकला. चाळीस वर्षांत त्यांनी कुठल्याही बाईवर असा उजेड टाकला नव्हता. जिनेवालीने आपण होऊन केस कानामागे घेतले.

"आता बघा," ती म्हणाली.

काकांनी वाकून बघितलं. एक, दोन, तीन करत कानापर्यंत गेले.

"आठ," ते म्हणाले, आणि फोटो काढला.